स्ट्रोल, सॉन्टर की ट्रज? इंग्रजीतल्या चालींबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी कथा मराठीत आणताना स्ट्रोल, अ‍ॅम्बल आणि सॉन्टर या तिघांपुढेही कोशात 'रमतगमत चालणे' सापडते, प्लॉड, ट्रज आणि ट्रॅम्प यांच्यापुढे 'जड पावलांनी चालणे'. मग लेखकाने त्यातला नेमका हाच शब्द का घेतला हे ओळखायचे कसे? आणि स्वतः इंग्रजीत लिहायची वेळ आली तर कोणता वापरायचा? सगळी यादी पाठ करावी का, असेही तुम्ही विचारले आहे.

पाठ करू नका. अशा याद्या क्लासांमधून पुष्कळ फिरतात: डावीकडे पन्नास क्रियापदे, उजवीकडे एकेक मराठी शब्द. त्या घोकलेल्या मुलाच्या निबंधात आजोबा रोज सकाळी देवळात 'स्ट्रट' करत जातात. त्याला म्हणायचे असते, ताठ चालीने. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र छाती फुगवून अंगणात फिरणारा कोंबडा दिसतो.

मी अशा प्रत्येक क्रियापदाला तीन गोष्टी विचारते. पाय काय करताहेत? चालणाऱ्याच्या मनात काय आहे? आणि सांगणाऱ्याचे त्याच्याबद्दल मत काय आहे? कोश पहिल्याचे उत्तर देतो, दुसऱ्याचे अधूनमधून, तिसऱ्याचे क्वचितच. आणि भाषांतर फसते ते बहुतेक वेळा तिसऱ्यावर.

तुमचे पहिले त्रिकूट घेऊ. स्ट्रोलमध्ये वेग कमी असतो खरा, पण त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे सुख. वेळ मोकळा, जागा बरी, सोबत कोणी असले तर उत्तमच. जेवणानंतर मरीन ड्राइव्हवर माणसे करतात तो स्ट्रोल. आपला 'फेरफटका' त्याला चांगला बसतो, कारण फेरफटका मारणाऱ्यालाही पोचायचे असे कुठेच नसते. अ‍ॅम्बलला सुखाचीही अट नाही. लॅटिनमधल्या चालण्याच्या क्रियापदावरून फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत आला आणि आधी घोड्याच्या एका सावकाश, आरामशीर चालीला चिकटला. अँब्युलन्स आणि लहान मुलांची पेराम्ब्युलेटर ही त्याच घराण्यातली मंडळी. अ‍ॅम्बलमध्ये घाई नाही आणि दिखावाही नाही. अस्वल, हत्ती, पेपर आणायला निघालेले निवृत्त गृहस्थ, कोणालाही तो चालतो आणि कोणाचाच त्यात अपमान होत नाही.

सॉन्टर वेगळा. 'ही सॉन्टर्ड इन अ‍ॅट इलेव्हन' हे वाक्य पाहा. ऑफिस नऊचे, बाकी सगळे कामाला लागलेले. ज्याने घाई करायला हवी तो मुद्दाम घाई करत नाहीये, आणि लोक बघताहेत हे त्याला माहीत आहे. सांगणारा चिडलेला आहे. इथे 'तो अकरा वाजता रमतगमत आला' असे लिहिले तर पाय बरोबर येतात आणि चीड गळते. मी लिहीन, 'अकराला स्वारी उगवली.' यात चाल उरली नाही हे खरे, पण वाक्य चालीसाठी लिहिलेलेच नव्हते. (सॉन्टर हा शब्द 'पवित्र भूमी' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून, तीर्थयात्रेला निघालेल्या भटक्यांवरून आला, अशी एक गोष्ट सांगतात, अमेरिकी लेखक थोरो याने ती फार लोकप्रिय केली. गोष्ट छान आहे, कोशकार ती मानत नाहीत.)

आता ते 'उगवली' जरा थांबून पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथे दिसते.

भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ च्या एका निबंधात जगातल्या भाषांची एक वाटणी सविस्तर मांडली. काही भाषा हालचालीची रीत क्रियापदात कोंबतात आणि दिशा शेजारच्या छोट्या शब्दावर सोडतात. काही भाषा दिशा क्रियापदात ठेवतात आणि रीत सांगायचीच असेल तर वेगळी सांगतात. इंग्रजी पहिल्या गटातली: लिम्प्ड इन, लिम्प्ड आउट, लिम्प्ड अक्रॉस. क्रियापद तेच, मागचा शब्द बदलला की दिशा बदलली. स्पॅनिश दुसऱ्या गटातली, आणि या बाबतीत आपली मराठीही तिच्याच बाजूची. येणे, जाणे, शिरणे, निघणे, चढणे, उतरणे ही आपली कणखर क्रियापदे. 'लंगडत', 'धडपडत', 'पाय ओढत' ही त्यांना लावलेली जोड. दुसरे एक भाषाभ्यासक डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी कादंबऱ्यांची स्पॅनिश भाषांतरे ताडून पाहिली, तेव्हा चालीचा बराचसा तपशील वाटेतच गळालेला आढळला. भाषांतरकार आळशी होते म्हणून नव्हे. प्रत्येक वाक्याला अशी जोड लावली तर मजकूर जड होतो.

याचा व्यवहारात एक थेट परिणाम होतो. 'ही लिम्प्ड इन्टु द रूम' याचे 'तो खोलीत लंगडला' होत नाही. मराठीत त्याचा अर्थ होतो की तो आधीपासून खोलीतच होता आणि तिथे लंगडला. आत येण्यासाठी आपल्याला 'लंगडत आला' म्हणावे लागते, आणि 'आला' म्हटले की सांगणारा खोलीत आहे हे ठरून जाते. 'गेला' म्हटले तर तो बाहेर. इंग्रजी वाक्याने हे ठरवलेलेच नव्हते! म्हणून इंग्रजीतली चाल मराठीत आणताना पहिला निर्णय चालीचा नसतोच, निवेदक कुठे उभा आहे याचा असतो. एका परिच्छेदात 'आला' आणि पुढच्यात 'गेला' अशी गफलत छापील भाषांतरांतही दिसते आणि वाचकाला नुसतेच काहीतरी खटकत राहते.

पण मराठी गरीब आहे असे यातून समजू नका. इंग्रजी माणसाची पारख त्याच्या चालीत साठवते. आपण ती येण्या-जाण्यात साठवतो. नको असलेला माणूस कडमडतो, अवेळी टपकतो, उशिरा उगवतो, थाटात अवतरतो, भांडायला येऊन थडकतो. जाताना सटकतो, पसार होतो, काढता पाय घेतो, चालता होतो. यातल्या एकाही शब्दात पाय कसे पडले ते नाही, आणि प्रत्येकात बोलणाऱ्याचे मत ठासून भरले आहे. शिवाय आदरार्थी बहुवचन उपरोधाने वापरायची आपली सोय: 'आले महाराज!' सॉन्टरचे काम दोन शब्दांत. त्यामुळे इंग्रजी वाक्यात पारख महत्त्वाची असेल तर मराठीत ती येण्या-जाण्याच्या क्रियापदात शोधा. शरीर महत्त्वाचे असेल तर दुसऱ्या कोठारात जा: तुरुतुरु, दुडूदुडू, झपझप, लगबगीने, लटपटत, ठुमकत, तरातरा. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात या जातीचे शब्द मुबलक आहेत. इंग्रजी क्रियापद जे एका दमात सांगते त्याला आपल्याकडे असा एक नादशब्द पुष्कळदा पुरतो.

उदाहरणार्थ मार्च. सैनिकांचे संचलन हा त्याचा मूळ अर्थ सगळ्यांना माहीत असतो. पण 'शी मार्च्ड अप टु द काउंटर' मध्ये सैनिक कोणी नाही. बाई संतापलेल्या आहेत आणि जाब विचारायला निघाल्या आहेत. 'ती तरातरा काउंटरपाशी गेली.' झाले. 'तरातरा'मध्ये राग आहेच, वेगळा सांगावा लागत नाही. स्ट्राइडही लांब ढांगांचाच, पण त्यात राग नाही. आत्मविश्वास आहे, काम आहे, आणि सांगणाऱ्याला त्याचे बहुधा कौतुक आहे. त्या निबंधातल्या आजोबांना हाच शब्द हवा होता.

स्वतः इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी मी एक सोपी कसोटी सांगते: क्रियापद 'आय'ला लावून बघा. 'आय स्ट्रोल्ड', 'आय वाँडर्ड', 'आय ट्रज्ड होम' सहज म्हणता येते. 'आय स्ट्रटेड' किंवा 'आय स्वॅगर्ड' म्हणणारा एक तर स्वतःची थट्टा करतोय किंवा त्याला शब्द कळलेला नाही. 'आय मिन्स्ड' तर जवळजवळ कोणीच म्हणत नाही. तोकड्या, नाजूक, नखरेल पावलांचा तो शब्द दुसऱ्याला, त्यातही पुरुषाला, हिणवायला वापरला गेला आणि आज कानाला वाईटच लागतो. जे क्रियापद स्वतःला लावताना जीभ अडखळते, ते दुसऱ्याला लावताना आपण त्याच्यावर शेरा मारतो आहोत हे लक्षात ठेवा. वॉडल तसाच. बदक वॉडल करते, त्यात काही नाही. शेजारच्या काकू वॉडल करतात असे लिहिले की त्यांचा लठ्ठपणा काढला. गंमत अशी की डॉक्टरी भाषेत तोच शब्द निर्विष होतो: कमरेचे स्नायू दुबळे झाले की जी डुलती चाल येते तिला रिपोर्टात 'वॉडलिंग गेट' लिहितात, आणि पार्किन्सनच्या रुग्णाच्या फरफटत्या, आखूड पावलांना 'शफलिंग गेट'. शब्द तोच, पण मत देणारा माणूस मधून बाजूला झाला.

तोल जाणाऱ्या चालींबद्दल फार लिहीत नाही, तिथे कोश बऱ्यापैकी मदत करतात. एवढेच धरा: लिम्पमध्ये एक पाय दुखावलेला, हॉबलमध्ये दोन्ही अवघडलेले (घोडा पळू नये म्हणून त्याचे पाय बांधतात, त्यालाही हाच शब्द). स्टॅगर म्हणजे झोकांड्या: दारू, धक्का किंवा डोक्यावरचे ओझे. टॉटर म्हणजे आता पडतो की मग. टॉडल फक्त बाळाचा, आणि प्रौढाला लावला तर लाडिक विनोद.

दमलेल्यांचा गट मात्र मला फार आवडतो. प्लॉड मंद आहे, जड आहे, पण न थांबणारा आहे. त्यात एक चिवटपणा आहे, म्हणून इंग्रजीत माणसे कामातही 'प्लॉड ऑन' करतात. ट्रजमध्ये तो चिवटपणा नाही. तिथे थकवा आहे, चिखल किंवा बर्फ आहे, आणि बहुतेक वेळा मनातून जायचेच नाही. ट्रॅम्पमध्ये पावलांचा आवाज आहे आणि पल्ला लांब आहे. आणि ट्रेप्स? हा शब्द शिकवताना वर्ग हसतो, कारण त्याचा जुळा भाऊ आपल्याकडे तयार आहे: हेलपाटे. या खिडकीवरून त्या खिडकीवर, एका झेरॉक्ससाठी परत घरी, पुन्हा साहेब जेवायला गेलेले. ट्रेप्समध्ये अंतर किती हे महत्त्वाचेच नाही. ते फुकट गेले ही तक्रार महत्त्वाची. 'पायपीट' थोडी वेगळी: तीत कष्ट असतात, पण ती फुकट गेलीच असे नाही.

शिबिरात मी या गटासाठी एक खराखुरा प्रसंग देते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सहा तारखेला निघालेली माणसे सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचली. शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, मुलांना त्रास नको म्हणून ती रातोरात उठून आझाद मैदानाकडे चालत गेली. अनेकांच्या पायांना फोड आले होते, काही अनवाणी होते. आता या शेवटच्या टप्प्याचे एक इंग्रजी वाक्य लिहा, असे मी सांगते. 'मार्च्ड' लिहिले तर निर्धार दिसतो, संघटना दिसते, फोड दिसत नाहीत. 'ट्रज्ड' लिहिले तर फोड दिसतात, पण माणसे हरल्यासारखी वाटतात, आणि ती हरलेली नव्हती. 'प्लॉडेड' सत्याच्या जवळ जातो, फक्त जरा बैलासारखा वाटतो. 'फाइल्ड' म्हणजे ओळीने, शांतपणे. त्या रात्रीच्या शिस्तीला तो शोभतो. 'स्ट्रीम्ड' किंवा 'पोअर्ड' ही पाण्याची क्रियापदे: गर्दी दिसते, माणूस हरवतो. आणि 'डिसेंडेड ऑन' लिहिले की शहरावर संकट कोसळले. घटना एकच, खोटे कोणीच लिहिलेले नाही. मला विचाराल तर मी साधे 'वॉक्ड' लिहीन आणि 'थ्रू द नाइट' त्याच्यापुढे ठेवीन. दहावीच्या मुलांची हकीगत पुढच्या वाक्यात आली की क्रियापदाने आणखी काही करायची गरज राहत नाही.

मार्चचाच दुसरा दाखला. १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत गांधीजी आणि त्यांचे सहकारी सुमारे ३८५ किलोमीटर चालले. इंग्रजीत तो 'सॉल्ट मार्च', मराठीत 'दांडीयात्रा'. इंग्रजी नावात फौजेची सावली आहे, मराठी नावात तीर्थाची. उलट भाषांतर करताना दोन्ही नावे आहेत तशीच राहू द्या. आणि आपल्या 'मोर्चा'चा मार्चशी संबंध जोडू नका. मोर्चा म्हणजे मुळात लढाईतली मोक्याची, तोफांची जागा. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शाबूत आहे.

इंग्रजी शब्द आपल्याकडे येऊन बदलले, त्यांचीही काळजी घ्यावी लागते. ट्रेक मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या, डच वंशाच्या आफ्रिकान्स भाषेचा, अर्थ ओढणे. एकोणिसाव्या शतकात तिथले बोअर (डच वंशाचे शेतकरी) बैलगाड्या घेऊन केप वसाहतीतून उत्तरेकडे निघाले, त्या स्थलांतराला 'ग्रेट ट्रेक' म्हणतात. इंग्रजीत त्यामुळे ट्रेकमध्ये दूरचा आणि खडतर पल्ला असतो, बहुधा अनेक दिवसांचा. आपण रविवारी पहाटे निघून राजगड करून रात्री पुण्यात परत येतो तो मराठीत ट्रेक. अमेरिकी वाचकासाठी लिहिताना तो हाइक. ब्रिटिश माणूस त्यालाही कदाचित नुसते 'वॉक' म्हणेल आणि अंगावर मात्र चार तास पाऊस घेऊन येईल. तिथे शेताशिवारातून, टेकड्यांवरून मजेने चालण्याला रॅम्बल हा खास शब्द आहे. १९३२ साली इंग्लंडमधल्या किंडर स्काउट या पठारावर जमीनदारांची बंदी मोडून चालत गेले ते स्वतःला रॅम्बलरच म्हणवत. न्यूझीलंडमध्ये त्याच कामाला ट्रॅम्पिंग म्हणतात, ऑस्ट्रेलियात बुशवॉकिंग. वारीच्या बातम्यांत मात्र 'ट्रेक टु पंढरपूर' वाचले की मला बोचते. आळंदीहून अडीचशेच्या आसपास किलोमीटर माणसे चालतात, कष्ट होतातच, पण ट्रेकमध्ये कष्ट हाच विषय होऊन बसतो. 'वॉक' पुरेसे आहे. वारकरी स्वतःही 'वारीला चाललो' एवढेच म्हणतात.

दिशाहीन चालींत वाँडर तटस्थ, रोममध्ये मोठा प्रदेश आणि मोकळीक, स्ट्रेमध्ये वाट चुकलेली. मिअँडर ही तुर्कस्तानातल्या वळणावळणाच्या एका नदीच्या नावावरून आली, म्हणून माणसाप्रमाणे रस्ता आणि भाषणही मिअँडर करते. मराठीत 'भटकणे' एकटाच हे सगळे पेलतो. 'भटकंती' म्हटले की कौतुक, 'भटकतोय नुसता' म्हटले की आईचा सूर.

चोरट्या चालींत हेतू बघा. टिपटोमध्ये हेतू निर्मळ असतो: बाळ झोपले आहे, आवाज नको. स्नीकमध्ये पकडले जाण्याची भीती आहे. स्लिंकमध्ये बहुधा शरम आहे, म्हणून तो बाहेर जाण्याला जास्त लागतो: 'तोंड लपवत निघून गेला'. सायडल मला सगळ्यांत चतुर वाटतो: तिरके, सहज आल्यासारखे जवळ सरकायचे, आणि काम साधायचे. लग्नाच्या मांडवात उसने पैसे मागायला आलेला दूरचा नातेवाईक नेमका सायडल करतो.

व्याकरणात एकच गोष्ट सांगते, बाकी वाचनातून येईल. यातली थोडीच क्रियापदे कर्म घेतात. 'वॉक' घेतो: कुत्र्याला फिरवणे, कोणाला घरापर्यंत सोडणे. मार्च घेतो: कैद्यांना चालवत नेणे. पेस खोलीला कर्म करतो, आणि आपण येरझाऱ्या घालतो. पण 'आय स्ट्रोल्ड हर होम' होत नाही. क्रियापद निवडल्यावर भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या कोशातली दोन-तीन उदाहरणे वाचा आणि त्याच्या उजवीकडे कोणते छोटे शब्द येतात ते पाहा. अर्थाच्या ओळीपेक्षा तिथे जास्त कळते. भूतकाळी रूपेही तिथेच तपासा: स्ट्रोड, क्रेप्ट, स्लंक, ट्रॉड. 'स्नक' अमेरिकेत सर्रास चालते, ब्रिटिश संपादक 'स्नीक्ड' करून परत पाठवू शकतो.

आणि दर पानावर अशी किती वापरावीत? इंग्रजीतले बरे गद्यकार 'वॉक' हाच शब्द सर्वांत जास्त वापरतात. क्रिकेटमध्ये तर त्या साध्या शब्दाला नीतीचा अर्थ आहे: २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अ‍ॅडम गिलख्रिस्टला पंचांनी नाबाद ठरवले तरी तो स्वतःहून तंबूकडे निघाला, आणि 'ही वॉक्ड' एवढ्यावर सगळे कळते. तिथे कोणी स्ट्राइड किंवा ट्रज लिहिले तर अर्थच बुडाला. मराठीतही तेच करा. मूळ लेखकाने 'वॉक्ड' लिहिले असेल तर 'गेला' लिहा आणि पुढे सरका. 'संथ पावले टाकत' ही तुमची भर कोणी मागितलेली नाही.